सरळ केस निसटतात

मराठवाड्यातल्या पालममध्ये पार्लर चालवणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या कानावर रोज पडणारं वाक्य एकच. "साधंच करा ताई, पण चांगलं दिसलं पाहिजे." नवरी हेच म्हणते, करवली हेच म्हणते, स्नेहसंमेलनाला निघालेल्या शाळेतल्या बाई हेच म्हणतात. बचत गटाच्या मेळाव्यात पहिल्यांदाच स्टेजवर बसणार असलेल्या मावशीही खुर्चीत टेकता टेकता हेच म्हणतात. वाक्याचा पहिला अर्धा भाग घरच्यांसाठी असतो, दुसरा आरशासाठी. गालावर लाली जास्त झाली तर सासू बोलते, ओठ लाल दिसले तर गल्ली बोलते. पण भांग सरळ आहे, अंबाडा नीट बसलाय, एक केस इकडचा तिकडे नाही, याला कोण नाव ठेवणार? टापटीप बाईला नटवी म्हणता येत नाही. म्हणून नटायची सगळी हौस आमच्याकडे केसांत येऊन बसते, आणि तीही चापून बसवलेल्या, गुळगुळीत केसांत.

ही साधी दिसणारी गोष्ट करायला मात्र सगळ्यात अवघड. कुरळ्या किंवा लाटदार केसांना स्वतःचा फुगवटा असतो, पकड असते. चार पिना कमी पडल्या तरी निभावतं, एखादी बट सुटली तर मुद्दाम सोडल्यासारखी दिसते. सरळ केसांत लपवायला जागाच नाही. भांग सुतभर वाकडा गेला तरी लांबून दिसतो, मागे एवढासा उंचवटा राहिला की फोटोत त्याची सावली पडते. त्यात सरळ केस जातीचाच निसटता. त्याला वळणं नसल्यामुळे टाळूवरचं तेल कुठे न अडता खालपर्यंत उतरतं. चमक त्यामुळेच येते आणि पिनही त्यामुळेच घसरते. सकाळी नऊला बांधलेला अंबाडा साडेबाराच्या अक्षतांपर्यंत मानेवर उतरतो. हे ज्यांना माहीत नसतं त्या पिना वाढवत जातात. अंबाडा उतरायचा तेव्हा उतरतोच, नवरीचं डोकं मात्र दुखायला लागतं.

म्हणून लग्नाच्या केशरचनेचं माझं काम आदल्या दिवशी सुरू होतं, आणि तिथेच माझी खरी लढाई असते. आदल्या दिवशी तेलवण आणि हळद. हळद लावणाऱ्या मैत्रिणी हात आखडता घेत नाहीत. कपाळ, कानशिलं, मान करत करत हळदीचा आणि तेलाचा लेप केसांच्या मुळापर्यंत जातो. मी नवरीच्या आईला सांगून ठेवते, हळदीच्या वेळी पोरीचे केस ओढणीत घट्ट बांधा. आई मान डोलावते. दुसऱ्या दिवशी नवरी येते तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना पिवळी रेघ ठरलेली.

त्यानंतर येतं पाणी. आमच्याकडच्या बहुतेक बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही त्या पाण्यात, मग केस कसे मऊ होतील? त्यातले क्षार आणि साबण यांचा चिकट थर केसावर बसतो. हात लावला तर केस राठ लागतो, उजेडात धरला तर निस्तेज दिसतो. मग बाई म्हणते, शाम्पू चांगला नव्हता. शाम्पू बरा असतो हो, पाणी जड असतं. मी यावर एक स्वस्त उपाय सांगते. केस नेहमीच्या पाण्याने धुवा, पण शेवटचे दोन-तीन तांबे जारच्या पाण्याचे घ्या आणि त्यात थोडं लिंबू पिळा. केसाच्या वरचे खवले त्याने चपटे बसतात आणि उजेड सपाट पृष्ठभागावरून परततो. बाजारातल्या कुठल्याही सिरमच्या आधी हे. वीस लिटरचा जार लग्नघरात आणलेलाच असतो.

यावर एका आजीने मला चांगलंच सुनावलं होतं. "प्यायच्या पाण्यानं केस धुवायलेत का आता?" प्रश्न रास्त होता. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि लातूर आमच्यापासून फार लांब नाही. गोदावरी तालुक्याच्या कडेने जाते, डिग्रसचा बंधारा तालुक्यातच आहे, तरी टँकर काय असतो हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे कंबरेपर्यंतचे केस खांद्यापर्यंत कापून घ्यायला कितीतरी जणी आल्या. फॅशन म्हणून एकही आली नव्हती. लांब केस धुवायला बादलीभर पाणी जास्त लागतं, हा हिशोब होता. शहरातल्या बायका लांबी ठरवताना चेहऱ्याचा आकार बघतात. आमच्याकडे कधी कधी विहिरीचा तळ बघावा लागतो. त्या आजीला मी एवढंच म्हटलं, "दोनच तांबे लागतात आजी, आणि खाली पडलेलं पाणी तुळशीला घाला." आजी हसली. "लिंबाचं पाणी तुळशीला?" तिथे मला उत्तर सुचलं नाही.

आता प्रत्यक्ष बांधणी. केस पूर्ण कोरडे असल्याशिवाय मी प्रेसिंगला हात लावत नाही. ओलसर केसावर तापलेली पट्टी फिरली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या आत बुडबुडे धरतात. तो केस नंतर त्याच जागी तुटतो. मे महिन्यात आमच्याकडे दुसरी अडचण, व्होल्टेजची. मशीनचा दिवा लागलेला असतो पण पट्टी पुरती तापलेली नसते, मग एकाच बटेवरून चार-चार वेळा फिरवावं लागतं. त्यापेक्षा थांबून, पट्टी नीट तापू देऊन, बारीक बट घेऊन एकदाच सावकाश ओढलेली बरी. मऊ, बारीक केसाला एकशे ऐंशी अंशांच्या वर जायची गरज पडत नाही. प्रेसिंगने केसातले हलके बंध सुटून सरळ अवस्थेत पुन्हा जुळतात, आणि पाणी लागलं की ते परत सुटतात. म्हणूनच घाम आला की सगळी मेहनत मानेपासून वर उलटायला लागते. बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या मंडपात बसणाऱ्या नवरीला हे रसायनशास्त्र मी समजावत बसत नाही. तिच्या मामाला सांगते, कूलर नवरीच्या मागच्या बाजूला लावा.

भांग काढताना मी समोर उभी राहते. मागे उभं राहून काढलेला भांग आरशात बरोबर दिसतो आणि मंडपात वाकडा निघतो. नाकाच्या शेंड्यावरून टेल कंगव्याचं टोक वर नेते, मग दोन्ही कानांपासून आडवी रेघ. पुढचे केस बाजूला क्लिपमध्ये. मागच्या केसांत, जिथे कुणाला दिसणार नाही अशा आतल्या थरात, मुळाशी क्रिम्पिंग मशीनचा एकेक दाब. सरळ केसांचा सगळा धंदा इथे आहे. वरून आरसा, आत खडबडीत. वरचा थर गुळगुळीतच ठेवायचा, पण त्याला धरायला आतला थर खरखरीत करून घ्यायचा. मग मानेच्या खळीत घट्ट पोनी, त्यावर स्टफिंग, त्यावर केस पसरून गुंडाळायचे, वर बारीक काळी जाळी. काळ्या पिनेची एक बाजू सरळ आणि एक नागमोडी असते. नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, पकड तिच्यात आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात पहिल्या दिवशी पिन उलटीच असते. पिनांवर आधीच स्प्रे मारून घेतला की त्या घसरत नाहीत. कपाळावरची बारीक लव बसवायला एक जुना टूथब्रश. हे सामान बघून नवरीच्या बहिणीचा चेहरा पडतो, तिला वाटलेलं असतं काहीतरी परदेशी निघेल पेटीतून.

एवढं झालं की समोर बाशिंग येतं. मोबाइलवर दाखवलेल्या कुठल्याही सुंदर अंबाड्याला बाशिंग बांधायचं नसतं, आमच्या अंबाड्याला असतं. मुंडावळ्यांचा दोरा, बाशिंगाचा दोरा, वर पदर, पदराला टाचणी, आणि ऐन वेळी एखादी आत्या येऊन गजरा दोन बोटं वर सरकवणार. म्हणून मी अंबाड्याच्या वर दोन पिना फुलीसारख्या आडव्या-तिडव्या लावून ठेवते. दोरा त्यात अडकवायचा, केसांना ओढ लागत नाही. मुस्लिम घरातल्या नवरीला एका बाजूला झूमर असतो, त्याचा सगळा भार एकाच कानाच्या वर येतो. तिथे आत बारीक वेणी घालून त्या वेणीला झूमर गुंतवावा लागतो. जवळच्या तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुली आता साडीवर लो बन मागतात, पण सोबत आलेल्या आजीच्या कानशिलांशी घुगरी-टोपलीचे दागिने लोंबत असतात. त्या आजीचं डोकं बघून मी दर वेळी मनात म्हणते, एवढं वजन पेलणारी केशरचना मला कुणी शिकवलेली नाही.

अक्षतांचंही सांगायला हवं. सध्या विस्कटल्यासारखा दिसणारा अंबाडा चालतो, त्याला मेसी बन म्हणतात. त्यात टाकलेल्या अक्षता वरातीपर्यंत निघत नाहीत. गुळगुळीत अंबाड्यावरून त्या सरळ खाली पडतात. माझ्या आवडीनिवडीमागे असली कारणं आहेत.

मराठवाड्यातल्या बाईला नीटनेटक्या केसांची हौस रील्समुळे लागली असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली. मूर्ती भारतातून गेलेली, आणि तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्यात. पॉम्पेईच्या मूर्तीचे केस पाठीवर वेणीत बांधलेले आहेत, अंगभर दागिने आहेत, आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी प्रसाधनाचं सामान घेऊन उभ्या आहेत. लोक मधली बाई बघतात. मी फोटो पाहिला तेव्हा माझी नजर त्या दोघींवर गेली. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या धंद्यातल्या बायका मूर्तीत आल्या होत्या, बारक्या आकारात का होईना.

आणि इतकं लांब जायचंही कारण नाही. गंगाखेड इथून हाकेच्या अंतरावर, जनाबाईचं गाव. जनाबाईच्या नावाच्या अभंगांत दळू लागणारा, पाणी भरणारा विठ्ठल आहे तसा तिची वेणी-फणी करणाराही आहे. देवाकडे या बाईने काय मागितलं, तर आपल्या डोक्यावरून फिरणारा दुसऱ्याचा हात. हे मला माझ्या खुर्चीत रोज दिसतं. दिवसभर दुसऱ्यांची डोकी धुणारी, पोरींच्या वेण्या घालणारी, सासूच्या डोक्याला तेल चोळणारी बाई इथे येऊन बसते आणि मी केसांत कंगवा घातला की दोन मिनिटांत तिचे डोळे मिटतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर घोरतात. हेअर स्टाइलचे मी पैसे घेते, या झोपेचे घेत नाही, पण गिऱ्हाईक परत येतं ते या झोपेसाठी असं माझं मत आहे.

एका नवरीची आई लग्नाच्या आदल्या रात्री, शटर अर्धं ओढल्यावर आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शिवणकाम करून पोर वाढवलेली. "माझं काही करायचं नाही, उद्याचा टाइम विचारायला आले," म्हणाली आणि खुर्चीकडे बघत उभी राहिली. मी बसवलं. केस दाट, सरळ, कानामागे पांढरे झालेले. फुलं नकोत, चमकीची पिन नको, असं तिने आधीच सांगून टाकलं. "लोकं नाव ठेवतील." मग मी तिला सकाळी सगळ्यांच्या आधी बोलावलं आणि माझ्या हातून होईल तितका नेटका अंबाडा बांधला. काळी जाळी, काळ्या पिना, बाकी काही नाही. मंडपात तिच्याकडे बघून कुणालाही काही बोलता आलं नाही, कारण बोलायला तिच्या डोक्यावर एकही वस्तू नव्हती. दोघी-तिघींनी तर विचारलं, कुणी बांधून दिलं म्हणून.

विधवा बाईच्या केसांवर समाजाचा डोळा जुना आहे. १८९० मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं. हा किस्सा मला फार आवडतो, कारण त्यात ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नाही म्हटलं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही तो इतर गावांपुढे ठेवला. ठराव चांगलाच आहे. पण गजरा लावायचा की नाही हे मंडपात अजून आत्या आणि मावश्या ठरवतात. अशा वेळी मला साध्या अंबाड्याचा उपयोग कळतो. ज्या गोष्टीवर गावाने नियम केलेला नाही, त्या गोष्टीत बाईला जितकं सुंदर दिसायचं तितकं दिसता येतं.

मुलींचं वेगळं चालतं. मुळातच सरळ केस असलेली कॉलेजची मुलगी येते आणि केराटिन करा म्हणते. का, तर "काचेसारखे" पाहिजेत. मी ते काम घेत नाही, आणि त्यामुळे गिऱ्हाईक नांदेडला जातं हे मला माहीत आहे. केस सरळ करणाऱ्या काही औषधांतून गरम पट्टी लावताच फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणारा ठरवलंय. त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं. २०२४ च्या मार्चमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात सव्वीस वर्षांच्या एका बाईची हकीकत छापून आली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये हे आम्ल दहा टक्के होतं. माझी खोली लहान, उन्हाळ्यात शटर अर्धं खाली. गिऱ्हाईक वर्षातून एकदा तो धूर घेईल, मी रोज घेणार. मुलीला एवढं सगळं सांगितलं तर ती कंटाळते. मग मी तिच्या केसांचा एक भाग लिंबाच्या पाण्याने धुऊन, पंख्याखाली वाळवून दाखवते. काहींना पटतं. काही नांदेडची बस धरतात.

एक मात्र दोन्ही प्रकारच्या मुलींना बजावून सांगते. रोज चापून, ओढून बांधू नका. कानशिलांवरचे केस मुळातून ताणले जातात, भांग रुंद होत जातो, आणि वेळीच सोडलं नाही तर तिथले केस परत येत नाहीत. केस विरळ झालेल्या बायकांसाठी माझ्याकडे गंगावन आहे. गल्लीतून अजूनही केसांवर भांडी देणाऱ्या बायका फिरतात. कंगव्यात निघालेली गुंतवळ वर्षभर पिशवीत साठवून तिच्या बदल्यात एखादी स्टीलची वाटी मिळते. आमच्या बाईने वाटीवर दिलेली गुंतवळ कुठल्या कुठे जाते, सुटी होते, धुतली जाते, आणि विकली जाऊन कुणाच्या तरी डोक्यावर बसते. पूर्वीच्या बायका स्वतःच्याच गळलेल्या केसांचं गंगावन वळून घ्यायच्या. तो हिशोब मला जास्त सरळ वाटतो.

हल्ली गुळगुळीत अंबाड्याला एक नवीन गिऱ्हाईक मिळालंय, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली. गणवेशावर केस बांधलेलेच लागतात, टोपीच्या आत बसले पाहिजेत, धावताना सुटता कामा नयेत. लग्नातल्या अंबाड्याचीच ही सगळी परीक्षा, फक्त गजरा वजा. एस.टी.तल्या महिला वाहकांकडे बघून मी या मुलींसाठी बांधणी थोडी बदलली. स्टफिंग काढून टाकलं, पोनी खाली घेतली, मानेशी चपटा गोल. पिनाही मोजक्या, एखादी हरवली तरी उरलेल्यांवर दिवस निघाला पाहिजे. या मुलींना मी बांधून देत नाही, शिकवते. मागे हात नेऊन, आरसा न बघता, बोटांच्या अंदाजाने. रविवारी सकाळी त्या ग्राउंडवरून थेट येतात, केस घामाने थबथबलेले. त्यांना आधी पंख्याखाली बसवावं लागतं, कारण ओल्या केसांचा अंबाडा वाळला की सैल पडतो. जाळी आणि पिनांचे पैसे घेते, शिकवण्याचे घेत नाही. शेजारचा जनरल स्टोअरवाला म्हणतो, ताई, तुम्ही स्वतःचंच गिऱ्हाईक घालवायलात.

परवा त्यातल्या एकीने घड्याळ लावून पाच मिनिटांत अंबाडा बांधला, उठून दोन उड्या मारून दाखवल्या. एक केस हलला नाही. मग विचारलं, "ताई, लग्नातला पण असाच असतो का?"

म्हटलं, "असाच असतो. फक्त त्याचे पैसे पडतात."